कारण कुठे शोधायचे?

महाराष्ट्रात एखाद्या शेतकऱ्याने आत्महत्या केली की तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत एक फाइल फिरू लागते. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, बँकेचे किंवा सोसायटीचे थकबाकीचे पत्र असे कागद तिच्यात जमा होतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ते पाहते आणि प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवते. पात्र ठरले तर कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. २००५-०६ च्या सुमारास या मदतीचे निकष ठरले. जमीन मृताच्या किंवा त्याच्या कुटुंबातल्या कुणाच्या नावावर हवी. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. ते थकलेले हवे आणि त्याच्या वसुलीचा तगादा लागलेला हवा. चौकशीत दारू, जुने आजारपण किंवा घरातले भांडण पुढे आले की प्रकरण अपात्रतेकडे झुकते. सरकारी पैसा वाटायचा तर निकष लागणारच, त्याबद्दल वाद नाही. पण या निकषांच्या मुळाशी माणसाविषयीची एक समजूत आहे आणि ती फक्त सरकारी कचेरीपुरती नाही. मरणाचे कारण एक तर बाहेर असते, नाही तर आत. बाहेर असेल तर जबाबदारी समाजाची आणि आत असेल तर ज्याची त्याची, अशी ही समजूत आहे. मानसशास्त्र आणि समाजशास्त्र शिकून लोकांमध्ये काम करायला निघालेल्या विद्यार्थ्याने सगळ्यात आधी ही समजूत तपासली पाहिजे. एखाद्या दुःखाचे कारण कुठे शोधायचे हे ठरवणे हेच त्याच्या कामाचे मर्म आहे. ते चुकले की पुढचे सगळे श्रम चुकीच्या दाराशी जातात. या दोन विद्यांपैकी एकच जवळ असली, तर ते हमखास चुकते.

एमिल दुर्खेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये आत्महत्येवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याने अत्यंत खासगी वाटणारी कृती अभ्यासाला घेतली होती. युरोपातल्या देशोदेशींची आकडेवारी मांडून त्याने दाखवले, की आत्महत्येचे प्रमाण प्रत्येक समाजात वेगळे असते आणि एका समाजात ते वर्षानुवर्षे जवळजवळ स्थिर राहते. कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंटांत ते जास्त होते आणि संसारी माणसांपेक्षा एकट्या माणसांत जास्त होते. माणसाला समाजाशी बांधणारे धागे किती घट्ट किंवा सैल आहेत, यावर हे प्रमाण अवलंबून असते असा त्याचा निष्कर्ष होता. विदर्भाकडे पाहिले की त्याच्या म्हणण्याचे बळ जाणवते. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहू कापसाच्या या सलग पट्ट्यात इतकी माणसे जीव देत असतील, तर त्याचे उत्तर प्रत्येकाच्या स्वभावात शोधणे हा शुद्ध अन्याय ठरेल. पाऊस, कापसाचा भाव, बियाण्याचा आणि औषधांचा खर्च, पतपुरवठ्याची तुटलेली साखळी यांचा हिशेब आधी मांडावाच लागतो.

तरीही एक प्रश्न दुर्खेमच्या हाती लागत नाही. त्याच गावात, त्याच पावसात, तेवढेच कर्ज डोक्यावर घेऊन बहुसंख्य शेतकरी जगत राहतात. मग हाच का गेला? मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्रा यांनी २००६ मध्ये पश्चिम विदर्भातल्या आत्महत्यांचा अभ्यास करून राज्य सरकारला अहवाल दिला. आत्महत्या झालेल्या घरांत त्यांना एकेकटे कारण क्वचितच सापडले. कर्ज होते, पत घसरलेली होती, पीक बुडाले होते, घरात वाद होता, कुणाचे आजारपण होते, व्यसन होते, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टी एकाच घरात एकाच वेळी होत्या. कर्जामुळे झोप जाते, झोप गेली की चिडचीड वाढते, चिडचिडीतून भांडणे होतात, भांडणानंतर माणूस दारूकडे वळतो आणि दारूने कर्जात भर पडते. यातली कुठली कडी पात्र धरायची आणि कुठली अपात्र? दारू आणि भांडण यांना कर्जाच्या विरोधातला पुरावा मानणारी समिती खरे तर कर्जाचेच परिणाम कर्जाविरुद्ध साक्षीला उभे करते. उलट बाजूने, कर्ज एवढेच कारण मानणारा कार्यकर्ता कर्जमाफीची यादी घेऊन दारात जातो आणि आठवडाभर कुणाशी न बोललेला, जेवण टाकलेला माणूस त्याच्या नजरेतून सुटतो.

या दोन्ही दृष्टी एकत्र आल्या की काय होऊ शकते, याचे मला माहीत असलेले सर्वांत ठसठशीत उदाहरण श्रीलंकेतले आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्या देशाचे आत्महत्येचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते आणि त्यातला मोठा वाटा शेतीच्या विषारी औषधांचा होता. १९९५ पासून तिथल्या सरकारने सर्वाधिक जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. पुढच्या दोन दशकांत देशातल्या आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. त्या बंदीने गरिबी हटली नव्हती की कुणाचे दुःख नाहीसे झाले नव्हते. मात्र या धोरणाला मनाविषयीची एक नेमकी गोष्ट उमगली होती. जीव देण्याची तीव्र ऊर्मी बहुतेकदा थोडा वेळ टिकते आणि त्या वेळात जीवघेणे साधन हाताशी नसले, तर पुष्कळ माणसे वाचतात, नंतरही जगतात. ऊर्मीविषयीचे हे ज्ञान मानसशास्त्राचे आहे आणि बाजारात काय विकले जावे हा निर्णय समाजाचा आहे. एकाला दुसऱ्याची जोड मिळाली नसती, तर ऊर्मीचे ज्ञान शोधनिबंधात पडून राहिले असते आणि बंदीचा विचार कुणाला सुचलाच नसता.

आपल्याकडे ही जोड सहज मिळत नाही, कारण दोन्ही विषय आपल्या विद्यापीठांत वेगवेगळ्या दारांनी आले. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला आणि तो प्रयोगशाळेकडे नि चाचण्यांकडे वळला. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. पुढे गो. स. घुर्ये यांनी तो वाढवला आणि जात, कुटुंब, जमाती हे त्याचे विषय झाले. एकाने मन घेतले, दुसऱ्याने समाज घेतला आणि मधली वाट बराच काळ ओस राहिली. अपवाद होते. नातेसंबंधांच्या थोर अभ्यासक इरावती कर्वे यांनी जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली आणि १९६९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. विस्थापन म्हणजे जमिनीबरोबर नात्यांचे, शेजाराचे, रोजच्या आधाराचे जाळे तुटणे, हे जाणून घ्यायचे तर धरणग्रस्तांच्या उंबऱ्यापर्यंत असेच जावे लागते. समाजकार्याचे शिक्षण देणाऱ्या संस्थांचा उगमही या मधल्या वाटेवरच आहे. क्लिफर्ड मॅनशार्ट हे मुंबईत नागपाड्याच्या दाट वस्तीत काम करत होते आणि त्या कामाच्या अनुभवातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची पदव्युत्तर शाळा उभी राहिली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. आधी वस्ती, मग वर्ग, असा तो क्रम होता. आजच्या पदवी अभ्यासक्रमात क्रम उलटतो. विद्यार्थी तिसऱ्या पेपरात फ्रॉइड पाठ करतो, पाचव्यात दुर्खेम, आणि दोघांची गाठ त्याच्या डोक्यात कधी पडत नाही.

ती गाठ आपोआप पडत नाही याला मानसशास्त्रानेच एक कारण दाखवले आहे. ली रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये एका सार्वत्रिक चुकीला नाव दिले. दुसऱ्याच्या वागण्याचा अर्थ लावताना आपण त्याच्या स्वभावाला फार वजन देतो आणि परिस्थितीला फार कमी. शाळेत न येणारे मूल आळशी ठरते, गोळ्या मध्येच सोडणारा क्षयरोगी बेफिकीर ठरतो, बचत गटाच्या बैठकीला न येणारी बाई निरुत्साही ठरते. वस्तीत नव्याने गेलेला कार्यकर्ता या चुकीला सर्वांत जास्त बळी पडतो, कारण त्याला माणसे दिसतात, त्यांची परिस्थिती दिसायला वेळ लागतो. समाजशास्त्र शिकण्याचा पहिला व्यावहारिक फायदा हा, की ते या घाईच्या निवाड्याला लगाम घालते.

पण परिस्थिती माणसाच्या बाहेरच थांबते असेही नाही. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या चक्रव्यूहातून वाट काढायला दिली. मुलांची जात जाहीर केली नव्हती, तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. प्रत्येकाचे नाव आणि जात सर्वांसमोर पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी खाली आली. मुले तशीच होती, कोडी तीच होती, खोलीत फक्त एका घोषणेची भर पडली होती. या प्रयोगाचे निष्कर्ष २००४ आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, पण त्यात जे दिसले त्याची जाण आपल्याकडे जुनी आहे. जात ही विटामातीची भिंत नसून मनात वसलेली धारणा आहे, असे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच जातिनिर्मूलनावरच्या आपल्या निबंधात मांडले होते. समाजाने केलेली विभागणी मनात जाऊन बसते आणि तिथून पुन्हा गुणपत्रिकेच्या रूपाने बाहेर येऊन त्याच विभागणीचा पुरावा बनते. आश्रमशाळेत किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेत काम करणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर तो मुलाची 'आत्मविश्वासाची समस्या' सोडवायला बसेल आणि हजेरी घेताना, शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना वर्गात रोज होणारी ती घोषणा त्याच्या कानावर पडणारच नाही.

अशा घोषणेचा उपाय कधी कधी व्याख्यानात नसतो, रचनेत असतो. जामखेडला १९७० मध्ये काम सुरू केलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावी पिण्याच्या पाण्याच्या कूपनलिका घेताना त्या दलित वस्तीत येतील असे पाहिले. पाण्यासाठी सगळ्यांनाच तिथे जावे लागले. शिवाशिवीवर प्रवचन न देता त्यांनी रोजच्या घागरीची वाट बदलली. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडले होते, की नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाहीत. सहवास बरोबरीच्या नात्याने आणि सामायिक गरजेपोटी घडावा लागतो आणि त्याला अधिकारी व्यक्तींचा पाठिंबा लागतो. डॉक्टर दांपत्याने हे सूत्र ग्रंथातून घेतले की गावातून, याने फरक पडत नाही. फरक याने पडतो, की तुमच्या-माझ्यासारख्या सामान्य कुवतीच्या माणसाला तशी युक्ती सुचावी म्हणून ते सूत्र आता लिहिलेले आहे आणि शिकता येते.

दारूचा प्रश्न या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तिथे व्यसन हा आजार मानला गेला, व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे समुपदेशक झाली आणि रुग्णाच्या बायकोचाही स्वतंत्र विचार झाला. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ मध्ये दारूबंदी आली. तिथे प्रश्न एका व्यसनीचा नव्हता, जिल्ह्यात दारू कोण आणि कशी पोचवतो याचा होता. महाराष्ट्रात गावच्या बायका मतदानाने बाटली आडवी करू शकतात, तीही सामूहिक वाट आहे. यांतला कुठला मार्ग खरा, अशी भांडणे होतात. मला ती भांडणे व्यर्थ वाटतात. उपचार घेऊन परतलेल्या माणसाला एसटी स्टँडवरच गुत्ता भेटत असेल, तर त्याच्या निश्चयाला रोज नव्याने झुंजावे लागते. आणि दुकान बंद झाल्यावर हात थरथरणाऱ्या माणसाला कुणीच विचारले नाही, तर तो चोरट्या दारूचे पहिले गिऱ्हाईक होतो. चंद्रपूरला २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठवली गेली. कायदा आला तरी तो टिकवणारी यंत्रणा, उपचार आणि लोकमत यांची जुळणी झाली नाही तर काय होते, हे पाहायचे असेल तर दोन शेजारी जिल्ह्यांचा हा इतिहास समाजकार्याच्या प्रत्येक वर्गात शिकवायला हवा.

इथे एक रास्त शंका उभी राहते. गावपातळीवरचे काम साध्या, थोड्या प्रशिक्षणाच्या माणसांनी होते असे अलीकडचे पुरावे सांगतात, मग पदव्या कशाला? पुरावे खरे आहेत. गोव्यात 'संगत' या संस्थेने विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या प्रयोगात मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक आरोग्य समुपदेशकांनी उदासी आणि चिंतेच्या रुग्णांना मदत केली. हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी आरोग्य केंद्रांत अशी मदत मिळालेल्यांपैकी सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के बरे झाले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने असेच केले. तिथे उदासीने ग्रासलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचलेल्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. पण हे यश कशावर उभे होते ते पाहिले पाहिजे. समुपदेशकाने काय करायचे, काय करायचे नाही, कुठल्या रुग्णाला ताबडतोब डॉक्टरकडे पाठवायचे, हे कुणीतरी बारकाईने ठरवले होते. त्यांच्यावर नियमित देखरेख होती. गावकऱ्यांच्या बोलीतून प्रश्न विचारायला कुणीतरी शिकवले होते. आणि गोव्याच्या प्रयोगातली दुसरी गोष्ट तर आणखी बोलकी आहे: खासगी दवाखान्यांत तोच उपाय केला, तेव्हा नेहमीच्या सेवेपेक्षा ठळक फरक दिसला नाही. उपाय तोच, समुपदेशकही तसेच, तरी फळ वेगळे. दवाखान्यात डॉक्टर आणि रुग्ण यांचे नाते कसे आहे, आधीपासून कोणती सेवा मिळते, माणूस तिथे किती वेळ बसू शकतो, याचा विचार केल्याशिवाय हा फरक समजत नाही. तो विचार करायला मानसशास्त्र अपुरे पडते. गावात साधे काम करणारी माणसे वाढवायची असतील, तर त्यांच्यामागे दोन्ही विद्या जाणणारी माणसे लागतीलच. तीच जागा आजच्या विद्यार्थ्यासाठी मोकळी आहे.

दुसरा आक्षेप आपल्या परंपरेतून येतो आणि तो मनापासूनचा आहे. सेवेला अंतःकरण लागते, पदवी नाही. गाडगेबाबा कुठल्या महाविद्यालयात शिकले होते? हा प्रश्न विचारणाऱ्याचा आदर राखून सांगावेसे वाटते, की गाडगेबाबांनी आयुष्यभर लोकांत राहून, त्यांच्याच भाषेत प्रश्न विचारून जे ज्ञान मिळवले ते कुठल्याही पदवीपेक्षा मोठे होते. पण ते ज्ञानच होते. नुसत्या कळवळ्याच्या जोरावर काय घडू शकते याचा एक दुःखद पुरावा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये नोंदलेला आहे. रिचर्ड कॅबट या सहृदय डॉक्टरांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये तिथे ५०६ मुले निवडली गेली. निम्म्या मुलांकडे समाजसेवक सरासरी पाच वर्षे जात राहिले. त्यांनी मुलांना शिकवणी, शिबिरे, वैद्यकीय मदत आणि मायेचा शब्द दिला. उरलेल्या मुलांना यातले काहीच मिळाले नाही. तीस-पस्तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी या मुलांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश जण म्हणत होते की आम्हाला त्या कार्यक्रमाचा फायदा झाला. प्रत्यक्षात गुन्हे, व्यसन, मानसिक आजार, अकाली मृत्यू अशा काही बाबतींत ते मदत न मिळालेल्या मुलांहून वाईट अवस्थेत होते, आणि एकाही बाबतीत त्यांची स्थिती सरस नव्हती. मदत घेणारा समाधानी, देणारा समाधानी आणि तरीही नुकसान झालेले. दोन गटांची तुलना केली नसती तर हे कधी कळलेच नसते. चांगुलपणाला पडताळणीची सवय लावणे, हे या शिक्षणाचे मोठे काम आहे. कार्यक्रमाच्या शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या हा पुरावा होत नाही, हे कार्यकर्त्याला शिकावे लागते, कारण मनाला ते रुचत नाही.

हे मानसशास्त्र पाश्चात्त्यांचे, आपल्या माणसाला ते काय लागू पडणार, असेही म्हटले जाते. यात तथ्य आहे आणि ते त्या शास्त्रातल्या लोकांनीच मान्य केले आहे. २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की मानसशास्त्राचे बहुसंख्य निष्कर्ष श्रीमंत पाश्चात्त्य देशांतल्या, त्यातही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरून काढलेले आहेत आणि ही माणसे जगाच्या मानाने अपवादात्मक आहेत. आपल्याकडे बाई डॉक्टरला मन उदास आहे असे सांगत नाही. छातीत धडधडते, अंग जड झाले, डोके बधिर झाले असे सांगते आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन घरी येते. परक्या प्रश्नावलीच्या हाती ती लागणार नाही. पण या त्रुटीवरचा इलाज शास्त्र टाकून देणे हा नव्हे. आपल्या माणसांवर, आपल्या प्रश्नांनी शास्त्र पुन्हा उभे करणे हा आहे आणि ते काम मराठीत विचार करणाऱ्या, वस्तीत बसून ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांशिवाय कोण करणार?

सर्वांत गंभीर आक्षेप चळवळीतल्या मंडळींचा आहे. शेतमालाला भाव द्या, पाणी द्या, कर्ज द्या. समुपदेशक कसले पाठवता? अन्यायाला आजार म्हटले की अन्याय करणारे सुटतात, असे ते म्हणतात. ही भीती खोटी नाही. राज्य सरकारने २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्पातून शेतकऱ्यांसाठी समुपदेशन सुरू केले, तेव्हाही हा सवाल उठणे स्वाभाविक होते. समुपदेशन हे धोरणाऐवजी दिले जात असेल, तर ती फसवणूकच आहे. मात्र याचा अर्थ असा होत नाही, की हमीभावाचा लढा जिंकेपर्यंत आज रात्री जागा असलेल्या माणसाशी कुणी बोलू नये. शिवाय मनाचे ज्ञान धोरणाच्या बाजूनेही साक्ष देते. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तोच शेतकरी तोडणीनंतर हातात पैसा असताना बुद्धीच्या चाचण्या जितक्या सहज सोडवतो, तितक्या तोडणीआधीच्या ओढगस्तीत सोडवू शकत नव्हता. टंचाई माणसाची विचारशक्तीच खाते. मग कर्ज पुनर्गठनाचे किचकट अर्ज आणि पीकविम्याच्या मुदती ऐन ओढीच्या महिन्यांत ठेवणे हे कारभाराचे अपयश ठरते, शेतकऱ्याचे अडाणीपण नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले. मनाविषयीच्या ज्ञानातून हक्क निघाला, तो असा. अन्यायाचा हिशेब मागणाऱ्याने माणसाच्या मनावरचे व्रण मोजायला शिकले, तर त्याचा लढा अधिक पक्का होतो.

राहता राहिला पोटाचा प्रश्न. घरातली वडील माणसे तो विचारतात आणि त्यांचे काही चुकत नाही. कामाच्या जागा आहेत आणि त्या वाढल्या आहेत. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. तिथे समुपदेशक लागतात. त्याच वर्षी टाटा संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्ती बसली की मार खाऊन आलेल्या बाईची तक्रार वेगळ्या तऱ्हेने ऐकली जाते, हे त्याने दाखवले आणि पुढे तो राज्यभर गेला. बालकल्याण समित्या, परिवीक्षा अधिकारी, सखी केंद्रे, एचआयव्ही समुपदेशन केंद्रे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, १४४१६ या क्रमांकावरची टेलिमानस सेवा, कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीवरचे प्रकल्प, अशा अनेक ठिकाणी या शिक्षणाची गरज आहे. पण यांतल्या पुष्कळ जागा कंत्राटी आहेत, पगार अपुरे आहेत आणि प्रकल्प संपला की नोकरी संपते. हे विद्यार्थ्यापासून लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्याने स्वतःच्या वेतनासाठी आणि कामाच्या अटींसाठी संघटित होण्यात कमीपणा मानू नये. थकलेला, धास्तावलेला कार्यकर्ता नीट ऐकू शकत नाही, आणि ऐकणे हे या पेशाचे मुख्य साधन आहे.

शिकावे कसे, याबद्दल विद्यार्थ्याला एक विनंती करतो. पहिल्याच सत्रात तुमच्या महाविद्यालयाजवळची एक वस्ती किंवा एक गाव निवडा आणि पदवी मिळेपर्यंत ते सोडू नका. मानसशास्त्राच्या तासाला जे शिकाल ते तिथल्या एका घराला लावून पाहा आणि समाजशास्त्राच्या तासाला जे शिकाल तेही त्याच घराला लावा. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर घाईने एक निवडू नका. त्या घरी परत जा आणि आणखी विचारा. आपल्या निष्कर्षांच्या नोंदी तारखेनिशी ठेवा, म्हणजे वर्षाने त्या चुकल्या की बरोबर निघाल्या ते तपासता येईल. आणि तुमच्या शिक्षकांकडे आग्रह धरा, की या दोन विषयांच्या प्राध्यापकांनी महिन्यातून एकदा तरी एकाच वर्गात, एकाच प्रकरणावर, तुमच्यासमोर एकत्र बसावे.